पंचनाम्यात नसलेली साखळी

१६ ऑगस्ट १९६३, शुक्रवार

कालचं झेंडावंदन पार पडलं. भाषण पाऊण तास. घसा बसलाय. सौ.नं हळदीचं दूध दिलं आणि वर टोमणा, "एवढं ओरडायले इंग्रज काय आता डोणगावले येऊन बसले?" तिचं माहेर खामगाव, तिथली माणसं बोलायला तिखट.

विषय नेहमीचाच, पारतंत्र्य. टाळ्या कुठं पडतात ते आता पाठ आहे. "ज्याला साखळी टोचत नाही तो जनावर, जो ती तोडतो तो माणूस, आणि तोडताना जो मागंपुढं पाहत नाही तो वीर." इथं हमखास पडतात. अध्यक्ष आबासाहेब. पहिली टाळी त्यांचीच. शाळेच्या कमिटीवर तेच, गावातली निम्मी जमीन त्यांची, आम्ही राहतो त्या दोन खोल्याही त्यांच्याच. भाडं घेत नाहीत. "गुरुजीकडून काय घ्याचं," म्हणतात.

बेचाळीसचा किस्सा पुन्हा सांगायला लावला. मी तार कापली असं गावात धरून चालतात. कापली दुसऱ्यानं. मी पक्कड आणून दिली आणि शिट्टी ऐकताच सगळ्यांच्या आधी पळालो. इतकी वर्षं झाली, आता दुरुस्ती कोण करणार.

१८ ऑगस्ट, रविवार. खांदमळणी.

लिहू की नको असं चाललंय. लिहितो.

सकाळपासून गावभर पोळ्याची धांदल. उद्या तोरणाखाली चार शब्द बोला, असा आबासाहेबांचा निरोप होता म्हणून दिवस मावळायच्या आधी त्यांच्याकडे गेलो. मंडळी गोठ्यात होती. बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळणं चालू होतं. चोळत होता पुंजाजी, अकरा वर्षांपासून सालावर राबणारा त्यांचा सालदार.

हा पुंजाजी अखाजीला, अक्षय्य तृतीयेला, साल संपल्यावर दोन कोसांवरच्या डोणगावच्या एका शेतकऱ्याकडे लागणार होता. यांनी सोडला नाही, जुनी उचल राहिली म्हणून. मग श्रावणात तो उठून मोताळ्याकडे बायकोच्या भावाकडे निघून गेला. मागच्या रविवारी आ.सां.च्या मुलानं, भाऊसाहेबानं, माणसं नेऊन त्याला परत आणला. एवढं कानावर होतं. पुढचं नव्हतं.

त्याच्या पायात साखळी होती. उजव्या घोट्याला. बैलाची, जाड कड्यांची. दुसरं टोक दावणीच्या खुंट्याला. एका बैलापासून दुसऱ्यापर्यंत जाता येईल एवढी लांब.

आ.सां.नी बैलांच्या कानाशी लागून नेहमीचं आवतण दिलं, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग पुंजाजीच्या कानाशी वाकून तेच म्हणाले, "आज आवतन घे, उद्या जेवाले ये." सगळे हसले. "पाचवा बैल आमचा," आ.सा. माझ्याकडे बघून म्हणाले.

मीही हसलो.

मोठ्यानं नाही. पण हसलो. पुंजाजीनं मान वर केली नाही, चोळत राहिला.

१९ ऑगस्ट, सोमवार. पोळा.

अक्षराकडे आज लक्ष देऊ नये.

दुपारी बाराच्या सुमारास आरडाओरड. धावत गेलो. आ.सा. गोठ्यात पडलेले, डोकं फुटलेलं, धोतर रक्तानं माखलेलं. बाजूला बैलगाडीची उभारी, जाड लाकडी दांडा. पुंजाजी खुंट्याला टेकून बसलेला. पायात साखळी तशीच. पळण्याचा प्रश्नच नव्हता.

झालं ते असं. बैलांना पुरणपोळीचं ताट दाखवून झालं. मग आ.सां.नी एक ताट पुंजाजीसमोर आणलं, तेही बैलासारखंच, खाली शेणात ठेवायला वाकले आणि म्हणाले, "खाय, तोंडानं." भिंतीला उभाऱ्या लावून ठेवलेल्या होत्या, त्यातली एक त्यानं उचलली. हे मला घरातल्या मोलकरणीनं सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाली, "मी काहीच नाही पाह्यलं गुरुजी."

आ.सां.ना बैलगाडीत गादी टाकून डोणगावला नेलं, तिथून मोटारीनं खामगावच्या दवाखान्यात. जमादार चार वाजता आला. तोवर भाऊसाहेबानं साखळी काढायला लावली होती. मी समोर उभा होतो. कडी घट्ट बसली होती, काढताना कातडं निघालं.

पंच म्हणून मला आणि पोलीसपाटलाला बोलावलं. जमादार म्हणाला, "गुरुजी, तुमचं अक्षर चांगलं, तुम्हीच लिहा." तो सांगत गेला, मी लिहीत गेलो. गोठा पूर्वाभिमुख. खुंटे पाच. उभारी एक, रक्ताचे डाग असलेली. ताट एक, पितळी. "आणखी काय?" जमादारानं विचारलं. भाऊसाहेब माझ्याकडे बघत होता. मी म्हणालो, "एवढंच."

खाली सही केली. पूर्ण नाव, हुद्द्यासकट.

२० ऑगस्ट, मंगळवार

शाळेत मुलं गप्प. वानखडे मास्तर गप्प बसणाऱ्यातले नाहीत. वर्गांमधल्या भिंतीवरून मान काढून विचारलं, "गुरुजी, तुमच्या परवाच्या भाषणाप्रमाणं पुंजाजी कोण ठरते? जनावर, माणूस का वीर?"

मी म्हटलं, मस्करीची वेळ नाही.

"मस्करी कोण करून राह्यलं," ते म्हणाले आणि पाढे घ्यायला लागले.

मग डोक्यात आलं ते आणखी वाईट. पुंजाजीला आणलं अकरा तारखेला. पंधराला मी झेंड्याखाली साखळीवर बोलत होतो तेव्हा तो दोनशे पावलांवर बांधलेलाच होता. आवाज तिथपर्यंत नक्की जात असणार. सौ. म्हणते तसा मी ओरडूनच बोलतो.

२४ ऑगस्ट, शनिवार

शाळेत काल गणपती बसवला. आ.सां.ची खबर: शुद्धीवर आहेत, बोलणं अडखळतं. गेले तर पुंजाजीला फाशीसुद्धा होऊ शकेल, म्हणून रोज देवाजवळ त्यांच्या आयुष्यासाठी प्रार्थना करतो. प्रार्थना कोणासाठी चाललीय ते देवाला कळत असेल. मला नीट सांगता येणार नाही.

सौ.ला आज सगळं सांगितलं. साखळीचं, पंचनाम्याचं. हसण्याचंही. ती पोळ्या लाटत होती, लाटणं थांबलं.

"तुमी हसले?"

"सगळेच हसले."

"सगळ्याईचं नाही इचारलं मी."



१ सप्टेंबर, रविवार

आ.सा. वाचले. डावा हात गेल्यातच जमा म्हणतात. निदान खून नाही. दोन आठवड्यांत पहिल्यांदा नीट जेवलो.

वानखडे मास्तर घरी आले होते. दोन तास वाद. ते म्हणतात, इंग्रज अधिकाऱ्यावर गोळी झाडणाऱ्याचा फोटो आपण वर्गात लावतो, त्याला हार घालतो. त्या अधिकाऱ्यानं झाडणाऱ्याच्या स्वतःच्या पायात तरी साखळी घातली होती का? इथं तर घातली होती. मग हा फरक कशाचा, कातडीचा?

मी म्हटलं, मी खादी घालतो, सूत काततो. वार करणं मला मान्यच नाही. इंग्रजावरही नाही.

"मंग भाषणात टाळ्या कायच्या घेता?"

मी दुसरीकडून धरलं. म्हटलं, म्हातारा माणूस, ताट ठेवायला खाली वाकलेला. वाकलेल्यावर वार करणं ही वीरता कशी?

वानखडेंनी सुपारी कातरली. मग म्हणाले, "गुरुजी, साखळी दोन हाताची होती. तो वाकला नसता त याचा हात कुठवर पुरला असता?"

चहा गार झाला होता, सौ.नं दुसरा केला.

९ सप्टेंबर, सोमवार

भाऊसाहेब शाळेत येऊन गेला. हजेरीपट उगाच चाळला. "अक्षर लय देखणं हाय तुमचं गुरुजी. पंचनामा वाचला मी, मोत्यावानी." जाता जाता म्हणाला, "झेडपीत आपली माणसं हायेत. कोणाची बदली करा म्हटलं त लगेच होते. मोताळा तालुक्यात लय शाळा रिकाम्या हायेत म्हणे."

मी म्हटलं, हो का.

मोताळा काही काळं पाणी नाही, माणसं राहतातच तिथं. पण आईचा दमा, सौ.ची शिवणाची कामं, हे घर. आणि भीती नुसती बदलीची आहे असंही नाही. पंचनामा माझ्या हातचा. आता साखळी होती म्हटलं, तर तेव्हा खोटं लिहिलं हे मीच कबूल केल्यासारखं. नोकरी राहील का?

२९ सप्टेंबर, रविवार

मेहकरला जाऊन पुंजाजीच्या वकिलाला भेटलो. कोणाला सांगितलं नाही, दाताच्या औषधाला जातो म्हटलं. वकील तरुण, फीशिवाय केस घेतलीय. त्याला साखळीची कुणकुण आहे, पण पुरावा नाही. मोलकरीण बोलायला तयार नाही, गोठ्यातले बाकीचे सगळे आ.सां.च्या घरचे. "पुंजाजीला विचारलं तर तो गप्प बसतो," वकील म्हणाला. "साखळी सिद्ध झाली तर शिक्षा नावापुरती होईल, कदाचित सुटेलही. नाही झाली तर नोकरानं मालकाचं डोकं फोडलं एवढीच केस उरते. बरीच वर्षं जाईल आत."

मी म्हटलं, समजा कोणी सांगितलं तर?

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. "पंच म्हणून तुम्हाला बोलावणारच आहेत. मी एकच प्रश्न विचारीन."

परत येताना मोटारीत मनाशी ठरलं. सांगायचं. छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं, डोणगाव येईपर्यंत टिकलं.

६ ऑक्टोबर, रविवार

आज दुपारी पुंजाजीची बायको कौतिका मागच्या दारानं आली. मला वाटलं, वकिलानं सांगितलं असणार, पाया पडायला आली. मी मनात उत्तरही तयार केलं होतं, यात काय मोठंसं, माझं कर्तव्यच, वगैरे. लिहितानाही लाज वाटतेय.

सौ.नं तिला पाट दिला. बसली नाही.

"गुरुजी, वकील म्हणे तुमी साखळीचं सांगून राह्यले कोर्टात."

म्हटलं, हो. घाबरू नको.

"नका सांगू."

मला वाटलं भाऊसाहेबानं धमकावलं. तसं विचारलं.

"त्याहीनं त धमकावलं नाही. तेच म्हणून राह्यले का साखळी नव्हतीच. मी बी तेच म्हणून राह्यली." मग खाली बघून बोलत राहिली. पोर लग्नाची आहे. डोणगावच्या एका घरी बोलणं लागलंय. बाप जेलात आहे हे त्यांना माहीत आहे, त्याला ते नाही म्हणत नाहीत. उलट नवरदेवाचा मामा म्हणाला, बाप्पा, मर्द माणूस, मालकाले भेला नाही. "पण दावणीले बांधेल होता, बैलावानी, हे समजलं त कोण करून घेईन तिले? पंगतीत कोण बसू देईन आमाले?"

मी समजावलं. म्हटलं, लाज बांधणाऱ्याची, बांधलेल्याची नाही. आणि हे बोललं नाही तर तो कितीतरी वर्षं आत राहील.

"जेलात गेला त परत येईन, गुरुजी. बांधेल होता हे एकदा कागदावर आलं त ते कुठी जाते?"

सौ. तिला सोडायला आडापर्यंत गेली. परत आली. मी विचारलं, तुला काय वाटतं? म्हणाली, "मले त दोघं बी खरे वाटून राह्यले."

माझं ठरलेलं सगळं कोलमडलं. आणि मोठ्या कष्टानं खरं लिहितो, पहिल्यांदा सुटल्यासारखंच वाटलं. तीच नको म्हणते, मग मी कशाला?

२० ऑक्टोबर, रविवार

दिवाळी झाली. आ.सा. घरी आलेत. पाडव्याला भेटायला जावं लागलं. ओसरीवर खुर्चीत, डावा हात मांडीवर ठेवलेला. बोलताना शब्द घरंगळतात. म्हणाले, "अकरा वर्स पोसलं त्याले. माह्या पोरावानी." डोळ्यांत पाणी होतं आणि ते खोटं नव्हतं. माणसाला आपण काय केलं हे इतकं कळत नसेल? मला त्यांची दया आली. मग त्या दयेचा राग आला.

फराळाचं ताट समोर आलं. चिवडा पाण्याबरोबर ढकलला.

४ नोव्हेंबर, सोमवार

मेहकरला तारीख होती. साक्षी झाल्याच नाहीत, पुढं ढकललं. पण पुंजाजीशी बोलता आलं. व्हरांड्यात दोन शिपायांमध्ये बसवलेला. वानखडे मास्तर बरोबर होते, त्यांनी शिपायांना पान दिलं आणि सरळ मुद्द्याला हात घातला. म्हणाले, "पुंजाजी, तू शूर माणूस आहेस. सांग कोर्टाले, काय केलं त्याहीनं तुले."

पुंजाजी कसनुसा हसला. "शूर असतो मास्तर, त आठ दिस काऊन थांबलो असतो? आठ दिस भाकर खाल्ली त्याच्याच हातची. उभारी तवाई तिथंच होती."

मी विचारलं, मग त्या दिवशी काय झालं?

"मले नाही माहीत. ताट ठेवलं तवा वास आला, पुरणाचा. भूक लागली मले. मोठी भूक लागली, गुरुजी. वाटलं आता मी खातो. तोंडानं खातो. खाल्लंच असतं मी. मंग हात उचलला गेला."

भाषणात याची जागा कुठं, टाळ्या कुठं? त्यानं आ.सां.ना मारलं, की ताटाकडे वाकणाऱ्या स्वतःला? मला वाटतं वीर असेल तर तो इथं आहे, आणि त्याला ते अजिबात नको आहे.

उठताना मी हळूच म्हटलं, साखळीचं मला विचारणार आहेत.

"मारलं ते कबूल हाय मले. ते सांगा. दुसरं काई नोका सांगू," तो म्हणाला.

१७ नोव्हेंबर, रविवार

उद्या साक्ष.

दोन्ही बाजू मांडून पाहिल्या. सांगितलं तर: तो कदाचित सुटेल, आणि आयुष्यभर बांधलेला म्हणून ओळखला जाईल. माझी नोकरी, घर. नाही सांगितलं तर: तो आत जाईल, ताठ मानेनं. आ.सा. तसेच राहतील. पुढच्या पोळ्याला गोठ्यात दुसरा कोणीतरी. भाऊसाहेबानं नवीन सालदार ठेवलाच आहे.

हे शेवटचं डोक्यातून जात नाही. साखळी एकट्या पुंजाजीची असती तर ती सांगायची की झाकायची हा त्याचा हक्क. पण ती खुंट्याला अजून लटकलेली आहे. परवा ओसरीवरून दिसली.

की हीसुद्धा माझी सोय? मला माझं हसणं धुऊन काढायचं आहे आणि त्यासाठी त्याची लाज वापरतोय?

संध्याकाळी पाहतो तर सौ. पितळी भांडी पोत्यात भरत होती. विचारलं, हे काय? "उद्या तुमी काय सांगसान ते तुमालेच माहीत नाही," ती म्हणाली. "पण भांडे बांधेल असले त तुमाले घराची भीती नाही राहणार. बाकी तुमचं तुमी पाहा."

१८ नोव्हेंबर, सोमवार. मेहकर.

मोटार सुटायला दीड तास आहे. स्टँडवर बसून लिहितोय, विसरायच्या आधी.

सरकारी वकिलानं पंचनामा दाखवला. अक्षर माझं, सही माझी. मान्य केलं. मग पुंजाजीचा वकील उठला. एकच प्रश्न, म्हणाला होता तसा. "आरोपीच्या पायात काही होतं का?"

कौतिका दाराशी उभी होती. तिच्याकडे पाहिलं नाही. पुंजाजीकडे पाहिलं, चुकून. त्यानं मान हलवली, अगदी थोडी. नको म्हणून.

मी म्हणालो, "साखळी होती. बैलाची. खुंट्याला बांधलेली."

मॅजिस्ट्रेटनी लेखणी खाली ठेवली. पंचनाम्यात का नाही?

भ्यालो, म्हटलं.

कोणाला?

"राहतो ते घर त्यांचं आहे, साहेब." मागं कोणीतरी हसलं. भाऊसाहेब उठून बाहेर गेला. पोळ्याच्या आदल्या दिवशीही ती पाहिली होती, सगळे हसले, मीही हसलो, हेसुद्धा सांगितलं. ते कोणी विचारलं नव्हतं.

दुपारनंतर आरोपीचा जबाब. मॅजिस्ट्रेटनी पुंजाजीला विचारलं, साक्षीदार म्हणतात तुला साखळीनं बांधलं होतं. हे खरं आहे का?

पुंजाजी दोन्ही हात जोडून उभा होता. म्हणाला, "नाही साहेब. मले कोणी बांधलं नाही. मी माह्या रागानं मारलं."

"म्हणजे गुरुजी खोटं बोलतात?"

"हाव साहेब. गुरुजी खोटं बोलते."

वकिलानं कपाळाला हात लावला. मॅजिस्ट्रेट बराच वेळ काहीतरी लिहीत होते. मग एकदम म्हणाले, धोतर वर कर, पाय दाखव.

पुंजाजी हलला नाही. पुन्हा सांगितलं, तरी नाही. शिपाई पुढं झाला तशी त्यानं दोन्ही मुठींत धोतर घट्ट धरलं, आणि माझ्याकडे पाहिलं. उभारी उचलताना आ.सां.कडे असंच पाहिलं असेल.

मॅजिस्ट्रेट म्हणाले, राहू दे. निकाल पुढच्या सोमवारी.